मजबुरीचा किराया

आपल्या वऱ्हाडात 'भाडे' हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही. आपण 'किराया' म्हणतो आणि भाडेकरूला 'किरायेदार'. मूळचा अरबी असलेला हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आला आणि इथल्या सगळ्यांच्याच तोंडी बसला. अकोल्याच्या ताजनापेठेत काय किंवा अमरावतीच्या पठाण चौकात काय, घर शोधणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच, किराया किती? मला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. आपण जो किराया देतो किंवा घेतो तो घराचा असतो की समोरच्या माणसाच्या मजबुरीचा? आणि मजबुरीचा असेल तर त्या कमाईला आपण काय म्हणायचे?

घरांच्या किमतींचे आकडे आता पुष्कळ मिळतात. राष्ट्रीय आवास बँकेने २००७ साली 'रेसिडेक्स' हा निर्देशांक सुरू केला. रिझर्व्ह बँकेने २०१०-११ हे पायाभूत वर्ष धरून दहा शहरांचा निर्देशांक काढला, त्यात महाराष्ट्रातून एकट्या मुंबईला जागा होती. अकोला-अमरावतीचा माणूस फार तर नोंदणी कार्यालयातला रेडी रेकनर पाहतो. त्यात रस्ता, सर्व्हे नंबर, चौरस मीटरचा दर असे सगळे असते. नसते ते एवढेच की त्या रस्त्यावरचे घर कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही. एकाच शहरात घरांचे दोन बाजार चालतात ही गोष्ट कोणत्याही निर्देशांकात येत नाही.

माझे एक सहकारी विज्ञान शिकवतात. बदली होऊन अकोल्याला आले. बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. गोरक्षण रोडकडे 'घर किरायाने देणे आहे' अशी पाटी पाहून त्यांनी फोन केला. बोलणे छान झाले, शिक्षक म्हटल्यावर घरमालक खूशही झाले. मग त्यांनी नाव विचारले. नाव ऐकल्यावर म्हणाले, "सर, घर तर कालच दिलं हो." पाटी त्यानंतर महिनाभर तिथेच होती. यात नवे काही नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात हे नोंदवून ठेवले आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, आपल्याच समाजाला सभासद करून घेण्याचा संस्थेचा नियम वैध ठरवला होता. या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ते लिहायलाच हवे होते. परंतु गोष्ट तिथे संपत नाही.

सहकारी शेवटी मोहल्ल्यात आले. दोन खोल्या, अरुंद बोळ, नळ रोज येत नाही. घरमालक पाच वक्ताचे नमाजी, बोलायला गोड. त्यांनी जो किराया सांगितला तो गोरक्षण रोडवरच्या त्या तीन खोल्यांच्या घराएवढाच होता. सहकाऱ्यांनी तसे बोलूनही दाखवले. त्यावर हाजीसाहेब शांतपणे म्हणाले, "मग तिकडे घ्या ना सर. मिळते का तिकडे?"

मला हे वाक्य विसरता येत नाही. पहिल्या घरमालकाने दार लावून घेतले. दुसऱ्याने दार उघडले, परंतु पहिल्याने लावलेल्या दाराची किंमत वसूल करून घेतली.

हाजीसाहेबांची बाजूही नीट मांडली पाहिजे. ते म्हणतील, बाजारात जो भाव चालतो तो मी घेतो, यात हराम काय आहे? आणि त्यांच्याजवळ दाखला आहे. मदिनेत भाव चढले तेव्हा लोकांनी पैगंबरसाहेबांकडे (स.) भाव ठरवून देण्याची मागणी केली आणि त्यांनी ती नाकारली, ही हदीस प्रसिद्ध आहे. शिवाय मोहल्ल्यातला प्रत्येक घरमालक काही शेठ नसतो. कोणी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला असतो, कोणाचा मुलगा बेकार असतो, आणि वरच्या दोन खोल्यांचा किराया हेच त्याचे पेन्शन असते. त्याने कमी किराया घ्यावा, असे मी माझ्या पगारावर बसून सांगणे सोपे आहे.

पण तोच दाखला पुढे कसा वाचला गेला हेही पाहावे लागते. इब्ने तैमिया यांनी 'हिस्बा' या विषयावर लिहिताना असा भेद केला की टंचाईमुळे किंवा मागणीमुळे भाव आपोआप चढला तर त्यात हात घालू नये. लोकांना एखाद्या वस्तूची निकड आहे आणि विकणारे ती अडवून धरतात, तेव्हा मात्र वाजवी किंमत लावून देणे जायज आहे, प्रसंगी आवश्यकही आहे. मक्केच्या घरांची चर्चा तर आपल्या विषयाला फारच जवळची आहे. हजच्या मोसमात मक्केतल्या घरांचा किराया घेणे इमाम अबू हनीफा यांनी नापसंत मानले. इमाम शाफई यांनी ते जायज मानले. हजरत उमर यांनी मक्केच्या लोकांना घरांना दारे लावू नका, येणाऱ्याला जागा मिळेल तिथे उतरू द्या, असे सांगितल्याची रिवायत आहे. मी काही मुफ्ती नाही, बी.एड. झालेला मास्तर आहे. मला एवढेच दिसते की या चर्चेत भिंती-छपराबरोबर येणाऱ्या माणसाचाही विचार झाला आहे. हाजी दुसऱ्या गावी जाऊन हज करू शकत नाही. त्याच्यासमोर दुसरा पर्याय नाही, आणि म्हणून त्याच्याकडून घेतलेल्या किरायाचा प्रश्न वेगळा होतो.

आता किरायाचे मनातल्या मनात दोन भाग करून पाहू. एक भाग विटा-सिमेंटचा, जागेचा, दुरुस्तीचा, घरपट्टीचा. त्यावर घरमालकाचा पूर्ण हक आहे. दुसरा भाग असा की तो किरायेदाराला दुसरीकडे घर मिळत नाही म्हणून वाढलेला. त्यासाठी घरमालकाने वीटही लावलेली नाही. तो भाग दुसऱ्याच कोणाच्या अन्यायातून जन्मला आणि याच्या खिशात आला. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये दंगली झाल्या. अशा घटनांनंतर मिश्र वस्तीतली कुटुंबे आपापल्या लोकांकडे सरकतात, हे सगळीकडचेच आहे. सरकलेल्या माणसाला घर लागते, आणि भाव चढतो. घरमालकाने दंगल इच्छिली नव्हती, कदाचित त्याचेही नुकसान झाले असेल. तरी त्याच्या चढत्या किरायात त्या भीतीचा वाटा आहे. तो वाटा ठेवून घेणे त्याला कायद्याने माफ आहे. इन्साफाने माफ आहे असे मला वाटत नाही.

याची दुसरी बाजू 'गिरवी मकान'. मुंबईत याला हेवी डिपॉझिट म्हणतात. घरमालकाला एकरकमी पैसे द्यायचे, ठरलेल्या मुदतीपर्यंत किराया न देता राहायचे आणि जाताना सगळी रक्कम परत घ्यायची. दक्षिण कोरियात 'जॉन्से' नावाने हीच रीत आहे, इराणात तर शब्दही आपलाच आहे, 'रहन'. इथे मजबुरीने जागा बदललेली असते. मजबूर असतो तो घरमालक.

अमरावतीच्या वलगाव रोडकडच्या एका चाचींचे उदाहरण माझ्या माहितीतले आहे. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी समोरच्या दोन खोल्या दोन लाखांत तीन वर्षांसाठी गिरवी दिल्या आणि स्वतः मागच्या खोलीत राहायला गेल्या. नवरा वाचला नाही. त्या दोन खोल्यांना महिना साडेतीन हजार किराया सहज आला असता. म्हणजे वर्षाचे बेचाळीस हजार, दोन लाखांवर एकवीस टक्के. तीन वर्षांत एक लाख सव्वीस हजार, आणि मुद्दल जसेच्या तसे. बँकेचे गृहकर्ज आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास मिळते. खोल्यांत राहणारा गृहस्थ सज्जन आहे. बचत खात्यावरचे व्याज तो घरात आणत नाही, सार्वजनिक शौचालयाच्या कामाला देऊन टाकतो. वर्षाचे ते चार-पाचशे रुपये त्याला टोचतात आणि बेचाळीस हजार टोचत नाहीत, कारण ते रोख हातात येत नाहीत.

कर्जावर मिळणारा फायदा सूद आहे, गहाण वस्तूचा उपभोग घेऊ नये, हे हनफी फिकहच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. पळवाटाही जुन्याच आहेत. 'बै बिल वफा', म्हणजे परत घेण्याच्या बोलीवर केलेली विक्री, शेकडो वर्षांपूर्वी याच अडचणीतून निघाली. आपल्याकडे महिना पन्नास-शंभर रुपये नावाचा किराया लावून व्यवहार पाक झाला असे मानतात. आपल्याच वऱ्हाडात सावकाराने कर्जापोटी शेत ताब्यात ठेवायचे आणि पीक खायचे, यावर आपण सगळे किती तळमळीने बोलतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात बेकायदा सावकाराने लुबाडलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. शेताच्या जागी घर आले आणि सावकाराच्या जागी आपला ओळखीचा माणूस आला की आपली तळमळ कुठे जाते?

बँकेच्या कर्जापासून दूर राहणाऱ्यांचीही एक गंमत आहे. व्याज नको म्हणून माणूस आयुष्यभर किरायाने राहतो. घरमालकाने घर कर्जावर घेतलेले असेल तर त्याच किरायातून बँकेचा हप्ता जातो. यात किरायेदाराला दोष देता येत नाही, परंतु आपण व्याजाच्या बाहेर आहोत हे समाधान थोडे तपासून घ्यावे.

कायद्याबद्दल थोडेसे सांगतो, कारण मोहल्ल्यात सगळे तोंडी चालते. १९४९ च्या सी.पी. अँड बेरार आदेशाचा काळ गेला. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या स्टॅम्पला नोंदणी लागत नाही ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. गिरवीचा कागद तर नोंदलेला नसला की दोघांनाही धोका. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायापुरते ठेवले आहे, मात्र तो स्वीकारणे राज्यांवर सोडलेले आहे.

हाजीसाहेबांनी पुढच्या वर्षी किराया पाचशेने वाढवला. सहकाऱ्यांनी दिला. आता ते प्लॉट पाहताहेत, तोही मोहल्ल्याच्याच कडेला असलेल्या नव्या ले-आउटमध्ये, कारण दलाल त्यांना दुसरीकडचे प्लॉट दाखवतच नाही. चाचींची मुदत मार्चमध्ये संपते. दोन लाख जमलेले नाहीत. राहणाऱ्या गृहस्थाने सांगितले आहे, "काही घाई नाही चाची, अजून दोन वर्षं लिहून घेऊ." चाची त्याला दुआ देतात.