जरा, सुरकुत्या आणि मावशीचा प्रश्न



आजचा श्लोक तेराव्या अध्यायातला आठवा. ज्ञान कशाला म्हणायचं हे सांगताना भगवंत त्यात एक अवघड गोष्ट घालतात: जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतलं दुःख नि दोष पाहत राहणं. शब्द आहे 'अनुदर्शन'. एकदा बघून सोडून देणं नव्हे.

'जरा' या शब्दावर माऊली बराच वेळ थांबतात. ज्ञानी माणूस ऐन तारुण्यातच आपलं म्हातारपण डोळ्यांपुढे आणतो, आणि मग एकेक अवयव निघतो. कमळाच्या पाकळ्यांशी भांडणारे डोळे पिकल्या पडवळासारखे होणार! (पिकलेलं पडवळ बघितलं नसेल तर एकदा बघाच.) ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९०. परंपरेने सांगितलेलं वय धरलं तर माऊली तेव्हा पंधरा वर्षांचे. एकविसाव्या वर्षी समाधी. म्हातारपण त्यांच्या वाट्याला आलंच नाही, तरी इतकं बारीक पाहिलं.

आता खरा प्रश्न. माझी मावशी बावन्न वर्षांची, इथे नाशकातच एका दुकानात काउंटरला असते. मालकाला आता समोर 'फ्रेश चेहरा' हवाय. मावशीला मागे गोदामात बसवायचं चाललंय, पगारही कमी. ती बोटॉक्स आणि फिलरची चौकशी करून आली. घरात सगळे हसले, "या वयात?" मग तिने मला विचारलं, "अरे, तू रोज गीता वाचतोस ना? मग सांग, हे पाप आहे का?"

बोटॉक्स स्नायूला मज्जातंतूचा निरोप पोहोचू देत नाही, म्हणून कपाळ आक्रसत नाही. तीन-चार महिन्यांत तो निरोप पुन्हा सुरू होतो, की पुन्हा सुई. फिलर बहुतेक हायलुरोनिक ॲसिडचं, जे आपल्या त्वचेत मुळात असतंच. खपाटीला गेलेली जागा ते भरून काढतं आणि काही महिन्यांनी विरघळतं. आमच्या भाषेत सबस्क्रिप्शन, दर वेळी रिन्यू करायचं.

देहाला हात लावणंच चूक, असं मला वाटत नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते पंचवटीत, त्यावरूनच आपल्या गावाचं नाव पडलं असं सांगतात. पण नाक जोडल्याची गोष्टही महाराष्ट्रातलीच आहे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, आणि त्याचं नाक नि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत छापून आली, आणि वीस वर्षांनी कार्प्यू नावाच्या सर्जनने तिथे तसंच ऑपरेशन केलं. कावसजीला कोण म्हणेल, देह नाशिवंत आहे, राहा तसाच?

तुम्ही म्हणाल, त्याचं नाक शत्रूने कापलं, मावशीच्या सुरकुत्या काळाने आणल्या. खरंय. पण तिला गोदामात काळ बसवत नाहीये.

मला या श्लोकात दिसतं ते एवढंच, की अनुदर्शन स्वतःच्या म्हातारपणाचं करायचं असतं. दुसऱ्याच्या कपाळावर बोट ठेवून "बघ, जरा आली" म्हणायला भगवंतांनी कुणाला नेमलेलं नाही. माऊली म्हातारपण दाखवतात तेही किळस यावी म्हणून नाही. हातपाय चालताहेत तोवर करायचं ते करून घे, म्हणून. मात्र दर चार महिन्यांनी आरशात सुरकुत्या मोजणं हे अनुदर्शन नव्हे. ती धास्ती आहे.

मावशीला म्हटलं, "पाप नाही गं. पण मालकाची नजर सुईने बदलणार नाही. अजून दोन वर्षांनी तो दुसरं काहीतरी काढेल."

ती म्हणाली, "दोन वर्षं तर निघतील? तोवर पोरीचं शिक्षण होतं."

यावर माझ्याकडे श्लोक नव्हता. शनिवारची अपॉइंटमेंट आहे, गाडीवर मीच सोडणार आहे.

उद्या नववा श्लोक: मुलंबाळं आणि घर यांत न अडकणं.