उपवास आणि बॉक बिअर

डॉपलबॉक ही गडद, माल्टने दाट झालेली जर्मन बिअर उपवासाच्या नियमातून वाढली. बॉक हा मूळ प्रकार उत्तर जर्मनीतील आइनबेक गावचा. सतराव्या शतकात म्युनिकमध्ये स्थिरावलेल्या, संत फ्रान्सिस ऑफ पावला यांच्या पंथातील भिक्षूंनी पुढे त्याचा अधिक कसदार प्रकार केला. या पंथाला मांस, अंडी, दूध, लोणी बारा महिने वर्ज्य होते. ईस्टरपूर्वीच्या व्रतकाळात अन्न आणखी कमी होई. पातळ पदार्थाने उपवास मोडत नाही, या चर्चमधील जुन्या समजुतीने बिअरला वाट मोकळी करून दिली. तिचे नाव पडले ‘साल्व्हाटोर’, म्हणजे तारणहार.

पण हे पेय निव्वळ पोषण नव्हते. भाजलेल्या पावाची खरपूस कड, करपू लागलेली साखर आणि काळ्या मनुका यांचा वास त्यात असतो. हॉप्सचा कडूपणा मागे राहतो. फार गार केल्यास हे सारे झाकले जाते, म्हणून ती साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसला, लहान घोटांनी पितात. मद्यांश ७ टक्के किंवा त्याहून जास्त असतो. इतकी चवदार वस्तू पोटात जात असेल, तर उपवास उरतो का?

साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू करणाऱ्या घरांना हा पेच नवा नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण त्यातूनच आली. म्युनिकचे भिक्षू आणि एकादशी पाळणारे घर, दोघांची कसोटी एकच: पदार्थ चालणारा आहे की नाही.

नागपूरच्या मनीषनगरहून वर्धा रोडने निघाले की सेवाग्राम आश्रमात वेगळी कसोटी भेटते. गांधीजींच्या एकादश व्रतांमध्ये अस्वाद हे स्वतंत्र व्रत आहे. देहधारणेसाठी खावे, चवीसाठी नाही. इथे डॉपलबॉक मद्य नसती तरी नापास झाली असती, आणि खिचडीही. ही कसोटी प्रामाणिक आहे, पण ती रसिकतेलाच दोषी धरते. चव ओळखण्यासाठी लागणारे अवधान आणि चवीची हाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट नागपूर शहराच्या बाजूला, दीक्षाभूमीवर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. बौद्ध पंचशीलातील पाचवे शील मद्य वर्ज्य करते ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे कारण म्हणून. पदार्थ घट्ट की पातळ, रुचकर की बेचव, याला इथे महत्त्व नाही. मन जागे राहते का, एवढेच पाहायचे. तिन्हींत हीच कसोटी सर्वांत खोल जाते. बॉकचा पहिला घोट अवधान मागतो हे खरे, पण त्यातले मद्य पुढे तेच अवधान बोथट करते.

म्हणून ज्याने हे शील घेतले, त्याला चवीपुरता घोटही वर्ज्यच. ज्याने घेतलेले नाही, त्याने बॉक जरूर चाखावी, मात्र तिला उपवासाचा आधार देऊ नये.