यादी आणि माणूस

म्हैसूरला बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या दोन-तीन रविवारांतच श्रीरंगपट्टण पाहून येतो. कावेरीच्या दोन प्रवाहांमधले ते बेट, पडका कोट, रंगनाथाचे देऊळ आणि टिपू जेथे पडला ती जागा पाहून झाली की पुढे तो घरी आलेल्या पाहुण्यांनाही तेथे नेऊ लागतो. त्या कोटाच्या इतिहासातील एका प्रकरणाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. १७८४ साली, मंगळूरच्या वेढ्यानंतर, टिपूने कानडा किनाऱ्यावरील कोकणी ख्रिस्ती लोकांना घरेदारे सोडायला लावून, घाट चढवून श्रीरंगपट्टणला बंदिवान म्हणून आणले. त्यांची संख्या कोणी तीस हजार सांगतो, कोणी ऐंशी हजार. वाटेत आणि बंदिवासात पुष्कळ मेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना १७९९ मध्ये कोट पडल्यावरच घरची वाट दिसली. युद्धात ते इंग्रजांना मिळाले, असा त्यांच्यावर आरोप होता. काही मिळाले असतीलही. शिक्षा मात्र तान्ह्या मुलांसकट सर्वांना झाली.

टिपूला धर्मवेडा म्हणून हा विषय निकालात काढता येत नाही. १७९१ मध्ये मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा त्याच्या पुनर्स्थापनेसाठी मदत पाठवणारा राजा हाच होता. तेव्हा राजाचा धर्म क्षणभर बाजूला ठेवून आपण त्याच्या सत्तेकडे पाहावे. काहींवर संशय आणि सर्वांना शिक्षा, हे ज्या सत्तेला एका हुकुमाने करता येते, तिला आपण जुलमी म्हणतो. टिपूने त्यासाठी प्रजेची संमती विचारली नव्हती. पण समजा विचारली असती आणि प्रजेने हर्षभराने दिली असती, तर तेच कृत्य न्याय्य ठरले असते काय?

हा प्रश्न आज काल्पनिक राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरी रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा ‘सामूहिक हद्दपारी, आत्ताच’ अशा अर्थाचे छापील फलक प्रतिनिधींनी उंच धरले होते. निवडणूक झाली, तो पक्ष जिंकला, आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. प्रवासात त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. बेड्यांची छायाचित्रे पाहून आपल्याकडे संताप झाला, आणि तो योग्यच होता. तथापि दूरच्या जमावाला दोष देण्यापूर्वी घरच्या गोष्टी आठवाव्यात, हे बरे.

१९६० साली मुंबईत ‘मार्मिक’ साप्ताहिक निघाले. काही वर्षांतच त्यात कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ अशा उपरोधिक मथळ्याखाली छापून येऊ लागल्या. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि ‘हटाव लुंगी’ची घोषणा रस्त्यावर आली, उडुपी हॉटेलांवर दगड पडले. मराठी तरुणाला कारकुनाची जागाही मिळत नव्हती, हे त्याचे दुःख खरे होते. परंतु त्या यादीतला एखादा राव किंवा अय्यर कसे काम करतो, नोकरीला कसा लागला, हे कोणीच विचारले नाही. नाव दाक्षिणात्य असणे एवढाच पुरावा त्यांना पुरला. आज म्हैसुरात कानडी शेजाऱ्यांमध्ये सुखाने राहणाऱ्या आपल्यासारख्या कुलकर्णी-जोशांनी ती यादी स्वतःला तिच्यात ठेवून एकदा वाचून पाहावी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आपल्या भूमीत कोणी राहावे हे ठरवण्याचा अधिकार राज्याला नाही काय? आहे. बेकायदा आलेल्या परकीयाला परत पाठवणे हा अन्याय नव्हे. परंतु ‘हा मनुष्य परका आहे’ हे विधान एकेका माणसाविषयीच खरे किंवा खोटे ठरू शकते. समूहाविषयी ते ठरवताच येत नाही. म्हणून प्रत्येकाची सुनावणी हवी, आणि सुनावणीला वेळ लागतो. ज्याने जनतेला ‘सामूहिक’ आणि ‘आत्ताच’ अशी दोन वचने दिली, त्याला तो वेळ परवडत नाही. मग पुरावा आखडतो, अपिलाची वाट अरुंद होते, आड येणारे न्यायाधीश लोकद्रोही ठरतात. येथेच हद्दपारीची मागणी आणि हुकूमशाहीची भीती एकमेकींना भेटतात. परक्यासाठी म्हणून मोडलेले कुंपण आपल्या शेताभोवतीही तेच असते, हे समर्थकाच्या ध्यानी उशिरा येते.

आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदणीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली. ज्यांनी या नोंदणीसाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता, त्यांच्यापैकीही अनेकांना ती यादी मान्य झाली नाही. आपल्याकडे १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता. २०२५ च्या नव्या कायद्यातही तो तेथेच आहे. त्याच वर्षी जूनमध्ये, मुंबईच्या परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे दिसून आल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्यांची भाषा बंगाली होती आणि खिसा रिकामा होता. आपल्यापैकी कितीजणांना आजोबांच्या जन्माचा दाखला आज संध्याकाळपर्यंत हजर करता येईल?

या मासिकाचे वाचक बहुतेक सरकारी सेवेतले आहेत, म्हणून शेवटचा शब्द त्यांच्याशीच. घोषणा जमाव देतो, हुकूम मंत्री काढतो; यादी मात्र कोठल्या तरी कचेरीत, कोणा शांत, सज्जन, वेळेवर घरी जाणाऱ्या माणसाच्या टेबलावर तयार होते. त्या माणसाला जमाव थांबवता येणार नाही, मंत्र्यालाही थांबवता येणार नाही. पण प्रत्येक नावापुढे ‘यास ऐकून घेतले काय?’ असा एक रकाना आखणे त्याच्या हाती आहे. तो रकाना कोरा असेल, तर खाली सही न करणेही त्याच्याच हाती आहे. त्याची किंमत मोजावी लागेल. क्वचित आणखी एक बदली पदरी येईल. परंतु बदलीवर गेलेला माणूस परत येतो. १७८४ मध्ये घाट चढून आलेल्यांपैकी पुष्कळांची माती येथेच, आपल्या रविवारच्या सहलीच्या वाटेवर, पडली आहे.