शेंड्यावरचा दयाळ

चैत्रातली पहाट आहे. दूधवाला अजून यायचाय. ओट्यावर, गॅलरीत, जिथे असाल तिथे टेकून बसा. खांदे सैल सोडा. डोळे मिटा. श्वास येतोय तसा येऊ द्या.

आता ऐका. उंचावरून एक शीळ येते, वळणं घेत चढते, उतरते. ती कुठल्या बाजूने आली, ते डोळे न उघडता ओळखून बघा. कळलं नाही तरी चालेल. थांबा, ती पुन्हा येईल.

हळूच डोळे उघडा. शेवग्याच्या अगदी शेंड्याला, पान नसलेल्या वाळक्या फांदीवर दयाळ बसलाय. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा. शेपटी मध्येच वर उडते. शीळ घालताना गळ्यावरची पिसं थरथरतात. नजर तिथेच असू द्या.

शेजारी आंब्याची गर्द सावली आहे. तिथे लपता आलं असतं. तरी त्याने उघडी फांदीच का धरली?

दाट पानांत आवाज अडतो, विस्कटतो. जमिनीलगत लवकर विरतो. शेंड्यावरून तो लांब जातो. त्यात पहाटे वारा पडलेला असतो, रस्ते निजलेले असतात. ही जागा माझी आहे, असं त्याला दुसऱ्या नराला सांगायचंय आणि मी इथे आहे, असं मादीला. पण शेंड्यावरचा पक्षी शिकारी शिक्र्यालाही दिसतो. हे ओझं घेऊन तो तिथे बसलाय आणि गातोय. या गोष्टीपाशी दोन श्वास थांबा.

आता मन माळरानावर न्या. नजर पोचेल तिथवर गवत, उंच झाड एकही नाही. तिथला डोंबारी चंडोल हवेतच चढतो, गातो आणि सूर मारत खाली येतो. कसरती अशा, की नावच डोंबाऱ्याचं पडलं. तिथून सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी या. ओल्या खडकांच्या सावलीत शीळकरी कस्तुर आहे. त्याची शीळ पाण्याच्या खळखळाटातूनही ऐकू येते. ज्याचं जसं रान, तशी त्याची बैठक.

परत शेवग्यापाशी या. शीळ थांबलीय. दयाळ उडालेला नाही. मान कलती करून बसलाय. लांबून, बहुधा पलीकडच्या गल्लीतून, दुसऱ्या दयाळाची शीळ येते. ही संपते, मग हा सुरू करतो. उंचावरून आवाज नुसता जात नाही, येतोही. शेंडा त्याला ऐकायलाही लागतो.

आज ज्या माणसाशी बोलायचंय, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. आपलं वाक्य संपल्यावर आपण त्याच्यासाठी किती थांबतो? उत्तर शोधू नका. प्रश्न फक्त जवळ ठेवा.

सावकाश उठा. आणि एवढं करा: अंगणातलं झाड छाटाल, तेव्हा कुणाच्या डोक्यावर पडणार नाही अशी उंचावरची एक वाळकी फांदी राहू द्या. आपल्याला ती मेलेली दिसते. दयाळाची ती गायची जागा आहे.