सवत्स

दिवाळीच्या अंकात दुःखाची गोष्ट सांगू नये, असा संकेत आहे. परंतु वसुबारसेचा दिवा लावताना मला एक गोष्ट हटकून आठवते, आणि ती आपल्यापाशी बोलल्यावाचून राहवत नाही; कारण तिच्यातली चूक माझी आहे आणि शहाणपण दुसऱ्याचे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली हकिकत. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. मिरकरवाडा बंदरावरचे लिलाव, बर्फाच्या गाड्या, माणसांचा कलकलाट सारे थांबते, आणि होड्या ताडपत्र्या पांघरून किनाऱ्यावर विसावतात. अशाच एका होडीच्या आडोशाला एक तांबडी कुत्री व्याली होती. शाळा सुटल्यावर मी पाहिले, तर पाच पिल्ले एकमेकांना बिलगून पडलेली, डोळे मिटलेले, बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि आईचा पत्ता नाही. पाचएक मिनिटे मी छत्री धरून उभा राहिलो. 'काय ही आई!' असे मनाशी म्हणालो आणि त्यांतले सर्वांत लहान पिल्लू पिशवीत घालून घरी आणले.

घरात जणू सणच झाला. मुलांनी खोके शोधले, पत्नीने गाईचे दूध कोमट करून दिले, मी कापसाच्या बोळ्याने ते पाजले. त्या रात्री झोपताना मला स्वतःविषयी फार बरे वाटत होते. पहाटे पाहतो, तो पिल्लू गार पडले होते.

सकाळी मी ते घेऊन बंदरावर गेलो. तिथे सुकी मासळी विकणाऱ्या एका म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि सगळे ओळखले.

"मास्तर, आई पळाली नव्हती. जेटीवर मासळी नाय, पोटासाठी पार बाजारापर्यंत गेलेली. रात्रभर त्या एकाला हुडकीत होती. आधी आयशीला खायला घाला. पोरांचं ती बघेल."

पुढे गुरांच्या डॉक्टरांनी मला तेच शास्त्राच्या भाषेत समजावले. पिल्लाचे डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. तोवर त्याला आपल्या अंगाची ऊबही पुरेशी राखता येत नाही. ती आईची आणि भावंडांची घ्यावी लागते. आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्धांश असतो. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही; आधी त्याला हळूहळू ऊब द्यावी लागते. आणि आई दिसली नाही तर काही तास लांबून वाट पाहावी. बहुधा ती परत येते.

त्यानंतर मी रोज होडीपाशी मासळी घातलेला भात आणि स्वच्छ पाणी ठेवू लागलो. पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दोन-तीनपट अन्न लागते. खाली फळकूट आणि कोरडे गोणपाट घातले. पिल्लांना हात मात्र लावला नाही. उरलेली चारही जगली.

पण माझ्या मनाला एक प्रश्न लागून राहिला. मी पिल्लू का उचलले? आईच्या फासळ्या मला आधीही दिसल्या होत्या. तिच्यासाठी मी कधी थांबलो नव्हतो. पिल्लू लहान असते, गोजिरे असते, आपल्या ओंजळीत मावते. आई गुरगुरते. आपल्या दयेलाही रूप आवडते, आणि आपल्यावाचून कुणाचे तरी अडावे असे तिला वाटत असते. शाळा बुडवणाऱ्या मुलांना मी पुष्कळ वेळा वह्या दिल्या आहेत. त्यांच्या आयांना हाताला काम आहे का, हे मात्र क्वचितच विचारले.

याची दुसरी बाजूही आहे. शेजारी मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही भात घालता, पण उद्या चावतील आमच्या पोरांना!" त्यांचे चुकत नव्हते. पिसाळीची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून भाताच्या थाळीपाशी आपली जबाबदारी संपत नाही. 2023 च्या नियमांनीही मार्ग हाच सांगितला आहे : कुत्र्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि त्यांना मूळ जागी सोडावे. पिल्ले अंगावर प्यायची थांबल्यावर त्याच शेजाऱ्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही दोघे कुत्रीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. पिल्ले तीन महिन्यांची झाल्यावर त्यांनाही पिसाळीची लस टोचली. त्यांतले एक आता त्या शेजाऱ्यांच्याच ओटीवर असते.

वसुबारसेला आपण नुसत्या गाईची पूजा करीत नाही. सवत्स धेनूची करतो, वासरासह उभ्या असलेल्या गाईची. कित्येक घरांतल्या बायका त्या दिवशी दूधदुभते खात नाहीत. लहानपणी मला तो केवळ एक नेम वाटे. आता वाटते, वासराचे भले करायचे तर त्याला आईपाशी राहू द्यावे आणि आईला काय हवे ते पाहावे, एवढे साधे व्यवहारज्ञान त्यात कुणीतरी जपून ठेवले आहे.

तांबडी अजून बंदरावर आहे. मी घातलेला भात ती खाते. पण मी फार जवळ गेलो, तर आजही गुरगुरते. मी दोन पावले मागे सरतो. तिचा तो हक्क आहे.