अज्ञान, पालनकर्ता

सन 2000 च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तेथील रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने, न्यू जर्सी राज्यातील एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाविरुद्धचे प्रकरण तडजोडीने निकालात काढले. अल्पवयीन इसमावर शेअरबाजारातील लबाडीचा ठपका ठेवण्याची त्या मंडळाची ती पहिलीच वेळ. मुलाचे नाव त्या वेळी जगभर छापून आले. मी ते येथे लिहीत नाही. कारण आपल्याकडील 2015 च्या बालन्याय कायद्याचे 74 वे कलम अशा मुलाची ओळख प्रकट करण्यास मनाई करते, आणि त्या कायद्याचा अंमल न्यू जर्सीत चालत नसला तरी त्यामागील तत्त्व मला मनापासून मान्य आहे.

हकीकत अशी की, ऑगस्ट 1999 ते फेब्रुवारी 2000 या अवधीत अकरा वेळा त्या मुलाने एकच युक्ती योजली होती. ज्याचे सौदे क्वचित होतात असा एखाद्या लहानशा कंपनीचा शेअर हेरून तो भरपूर विकत घ्यावयाचा. मग इंटरनेटवरील चर्चाफलकांवर निरनिराळ्या खोट्या नावांनी मजकुरांचा मारा करून, हा शेअर आता कित्येक पटींनी चढणार अशी आवई उठवावयाची. आणि त्या आवईवर भाळून लोक खरेदीस धावले व भाव चढला की बहुधा चोवीस तासांच्या आत सारा माल त्यांच्या गळ्यात घालून मोकळे व्हावयाचे. दर खेपेचा नफा 11,000 पासून 74,000 डॉलरपर्यंत. खाती अर्थातच वडिलांच्या पालकत्वाखालची, कारण अज्ञान मुलाला स्वतःच्या नावे सौदा करता येत नाही. या प्रकरणातील एक तपशील माझ्या मनातून जात नाही. आपण वर्गात असताना चढता भाव हातचा जाऊ नये म्हणून अमुक भाव येताच विक्री करावी असा हुकूम तो कधी कधी आदल्या दिवशीच दलालाकडे नोंदवून ठेवीत असे. पाठीवर दप्तर, आणि दलालाच्या यंत्रात ठराविक भावावर लावून ठेवलेली विक्री! मंडळाने 2,72,826 डॉलर नफा आणि त्यावरील व्याज मिळून 2,85,000 डॉलर त्याच्याकडून वसूल केले. आरोप त्याने कबूल केला नाही आणि नाकारलाही नाही.

पुढे कित्येक महिने या मुलावरून वाद माजला. एका पक्षाला तो धटिंगण पोर वाटला, ज्याला वेळीच वेसण घातली नाही तर उद्या बाजारच बुडेल. दुसऱ्या पक्षाला तो मठाधिपतींची मिरास मोडणारा बंडखोर वाटला. मला दोन्ही मते सारखीच उथळ वाटतात. पैसे वसूल झाले ते न्याय्यच झाले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. सट्टा स्वतः पाप नव्हे. उद्याच्या भावाविषयी अंदाज बांधून आज जोखीम पत्करणारा कोणी नसेल तर कापूसवाल्याला वायदा मिळणार नाही आणि नव्या कारखान्याला भांडवल मिळणार नाही. परंतु अंदाज सांगणे वेगळे आणि एकाच माणसाने दहा तोंडांनी बोलून दहा माणसांचा भास निर्माण करणे वेगळे. त्या दिवशी चढ्या भावाने शेअर घेणारा जो कोणी शिक्षक किंवा निवृत्त कारकून असेल, त्याच्यापासून एक गोष्ट लपविण्यात आली होती: ज्याच्या शब्दावर तो विसंबला, तोच त्याला माल विकत होता. नियमनाचा सारा डोलारा या एका खांबावर उभा आहे. बोलणाऱ्याचा हितसंबंध ऐकणाऱ्याला कळला पाहिजे.

आता याच खांबाशेजारी प्रौढांना उभे करून पाहावे. ज्या वर्षी तो मुलगा खोट्या नावांनी लिहीत होता, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या पेढ्यांचे विश्लेषक खऱ्या नावांनी, दूरदर्शनच्या पडद्यावर, इंटरनेट कंपन्यांचे शेअर घेण्याची शिफारस करीत होते. आणि त्यांच्या पेढ्या त्याच कंपन्यांकडून भांडवल उभारणीचे काम मिळविण्यासाठी झटत होत्या. 2002 साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने मेरिल लिंच या पेढीचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड केला, तेव्हा दिसून आले की जाहीरपणे वाखाणलेल्या शेअरांना तिचेच विश्लेषक खाजगीत केरकचरा म्हणत होते. पेढीने 10 कोटी डॉलर भरले. पुढल्या वर्षी दहा पेढ्यांनी मिळून सुमारे 140 कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. म्हणजे शिक्षा प्रौढांनाही झाली, हे मी विसरत नाही. परंतु पोटात एक आणि ओठांवर एक ठेवणाऱ्या या गृहस्थांना आईबापांनी कसे वाढविले, त्यांच्या शाळेने त्यांच्यावर काय संस्कार केले, त्यांच्या पिढीचे पुढे काय होणार, असे प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी नेमके हेच विचारले गेले. त्यांचा अपराध दंडाच्या पावतीबरोबर संपला. त्याचा अपराध त्याच्या स्वभावाला चिकटविण्यात आला.

हे नियामक मंडळ मुळात जन्मले कसे, तेही येथे पाहण्यासारखे आहे. 1929 साली बाजार कोसळण्यापूर्वी धनिक सटोडिये आपापसांत टोळी करून एखादा शेअर एकमेकांना विकत, उलाढालीचा देखावा करून भाव चढवीत आणि बाहेरच्या भाबड्या माणसाच्या हाती तो देऊन अंग काढून घेत. त्या काळी हा गुन्हा मानला जात नव्हता. 1934 च्या कायद्याने तो गुन्हा ठरला, आणि नव्या मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जोसेफ केनेडी यांना नेमले, जे स्वतः अशा टोळ्यांतून खेळलेले होते. या नेमणुकीवर टीका झाली, तरी केनेडींनी काम चोख केले असेच इतिहास सांगतो. मला ती नेमणूक गैर वाटत नाही. ज्याला चोरवाटा ठाऊक आहेत त्याच्याच हाती पहारा द्यावा, हा विचार पोक्त आहे. केवळ एवढेच मनात येते की, प्रौढ सटोडियाच्या पूर्वायुष्यात समाजाला अनुभव दिसला आणि पंधरा वर्षांच्या पोरात मात्र तशाच पूर्वायुष्याची सुरुवात दिसताच विकृती दिसली.

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. त्या मुलाला एका पक्षाने बंडखोर म्हटले. त्याने कशाविरुद्ध बंड केले? बंड म्हणजे प्रस्थापिताचा नकार. घराण्याचा धंदा सोडून नाटकमंडळीत जाणारा मुलगा किंवा ठरलेले लग्न मोडून पुढे शिकणारी मुलगी बंड करते, कारण घरचे ज्याला मोलाचे मानतात ते ती नाकारते. या मुलाने काहीच नाकारले नव्हते. श्रीमंती हेच कर्तृत्व, भाव चढणे हेच सत्य आणि चतुर माणूस तो जो वेळेवर विकतो, हे जे त्याला दिवसभर दूरदर्शनवरून शिकविले जात होते, त्यावर त्याने अक्षरशः विश्वास ठेवला. तो वर्गातला सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थी होता. आपण सांगितलेला धडा एखाद्या मुलाने आडपडदा न ठेवता म्हणून दाखविला म्हणजे आपल्याला तो उद्दाम वाटतो, आणि शिक्षा करताना आपण त्याच्या आवाजाला करतो, धड्याला करीत नाही.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो, कारण असा एक मुलगा मी जवळून पाहिला आहे. 1985 साल. अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांच्या अंदाजपत्रकानंतर मुंबईत शेअरांची लाट उसळली होती, आणि दलाल स्ट्रीटच्या पदपथावरून आणलेले अर्जांचे गठ्ठे आमच्या गिरगावातल्या चाळीत घरोघर पोहोचले होते. नव्या भांडवलाचा भाव त्या काळी सरकारचे नियंत्रक ठरवीत आणि तो बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी असे. म्हणून ज्याला ‘अलॉटमेंट लागली’ त्याचा नफा घरबसल्या ठरलेला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे काका म्हणत असू, रात्री जेवणे आटोपल्यावर स्टुलावर दौत ठेवून अर्ज भरीत बसत: पत्नीच्या नावाने, गावच्या बहिणीच्या नावाने, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आईच्या नावानेही, जिची सही ते वळण बदलून डाव्या हाताने करीत. खोट्या नावाने अर्ज करणाऱ्यास कंपनी कायद्याच्या 68-अ कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते, ही सूचना त्याच अर्जावर ठळक टायपात छापलेली असे. पण चाळीत काका हुशार गणले जात. संध्याकाळी लोक त्यांचा सल्ला घ्यायला येत, आणि माझे वडीलही त्यांत होते.

त्यांचा मुलगा दहावीत होता. त्याला एका चित्रपटगृहाबाहेर पाचची तिकिटे वीसला विकताना पोलिसांनी धरले. तिकिटाचा दरही ठरवून दिलेला, मागणी त्याहून मोठी, आणि मधला फरक ज्याच्या हाती तिकीट त्याचा. म्हणजे बापलेकांच्या व्यवहाराचे गणित तंतोतंत एकच होते, फक्त मुलाने कोणा वारलेल्या माणसाची सही केली नव्हती. चौकीवरून त्याला सोडवून आणल्यावर काकांनी त्याला जिन्यातच, सर्वांदेखत, पट्ट्याने मारले. तो ओरडला नाही. एकदाच म्हणाला, “बाबा, मी पण फॉर्मच विकत होतो.” त्या वेळी आम्हा सर्वांना ते निर्लज्ज उत्तर वाटले. आज मला वाटते की त्या जिन्यात उभ्या असलेल्या माणसांपैकी खरे बोलणारा तेवढा एकच होता.

महिन्याभरात शाळेने त्याच्या हाती दाखला दिला. वर्तणुकीच्या रकान्यात ‘असमाधानकारक’ असे लिहिले होते, आणि त्या एका शब्दामुळे त्याला कोणत्याही शाळेने दारात उभे केले नाही. तो पुढे वर्षभर चाळीच्या कठड्यावर बसून असे. येणारे-जाणारे आपल्या मुलांना त्याच्याकडे बोट दाखवून समजावीत. आपल्या देशात गुन्हेगार मुलांसाठी झालेला पहिला कायदा 1850 चा. त्याने अशा मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्याची सोय केली होती. आमच्या चाळीला तेवढेही सुचले नाही.

दाखला आणला त्याच रात्री काका स्टुलाशी बसलेले मी पाहिले, कारण वडिलांनी मला आमचा एक अर्ज तपासून आणायला वर पाठविले होते. नवा इश्यू उघडला होता. मुलगा भिंतीकडे तोंड करून निजला होता, किंवा निजल्यासारखा पडला होता. काकांनी शेवटचा अर्ज पुढे ओढला, त्यावर मुलाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले, नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे घातली, आणि अज्ञानाचा पालनकर्ता म्हणून खाली स्वतःची सही केली, या वेळी उजव्या हाताने.