उसनी हिंमत

आमच्या खटाव-माण पट्ट्यात उसनवारीचा कमीपणा कुणाला वाटत नसे. वाटीभर साखर, पायलीभर ज्वारी, चुलीतला विस्तवसुद्धा शेजारून यायचा. एकेकच बैल असलेले दोघे शेतकरी पैरा करून औत जुंपायचे. घेतलेलं फेडायचं, एवढीच अट. या सगळ्यात हिंमतही उसनी मिळते, हे मात्र आपण कधी मोजलं नाही.

धंदा बुडाला, नोकरी गेली, परीक्षा हुकली की चार शहाणी माणसं येऊन सांगतात, "स्वतःवर विश्वास ठेव." सल्ला खोटा नाही. पण ज्याचं सगळं हातातून गेलंय, त्यानं हा विश्वास आणायचा कुठून? तो आधी लागतो आणि मग काम होतं, की आधी काम होतं आणि मागून विश्वास येतो?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच मातीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव पंपावर, नांगरावर सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला होता तो चित्रकार व्हायला. तिथं कळलं की त्यांना रंगच नीट ओळखता येत नाहीत. ज्याला रंग दिसत नाहीत त्यानं चित्रकार कसं व्हायचं? रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रं काढायला ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढं हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. त्यातून कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर.

तो नांगर घ्यायला कुणी तयार होईना. लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं गेली. कुठं जरा जम बसतोय, तोवर बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायला जागा हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. वय चाळिशीला टेकलेलं. मागं कुटुंब, कामगार, यंत्रं, आणि पायाखाली जमीन नाही.

अशा वेळी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना बोलावलं. यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम त्यांच्या हाती दिलं. पुढं कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळची संस्थानातली जमीन दिली आणि भांडवलाला कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि सापांचं घर! १९१० साली पंचवीसेक कामगार आणि त्यांच्या बायकापोरांना घेऊन लक्ष्मणराव तिथं उतरले. आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात जी किर्लोस्करवाडी आहे, ती हीच.

यात मला नेहमी एक गंमत वाटते. पंतप्रतिनिधी स्वतः हाडाचे चित्रकार. ज्याला रंगांनी परत पाठवलं, त्याला एका रंगांच्या माणसानंच हात दिला. राजाला नांगरातलं कितपत कळत होतं, कोण जाणे. त्याला माणूस कळला, एवढं खरं. लक्ष्मणरावांची जिद्द मोठी होती, यात शंका नाही. पण ज्याच्या पायाखालची जमीन निघून गेलीय, त्याच्या जिद्दीला उभं राहायला जागा लागते. ती औंधनं दिली.

कुणी म्हणेल, ते किर्लोस्कर होते, आपण कुठं? म्हणून लहान माणसाची गोष्ट सांगतो. आमच्या भावकीतले एक तात्या मुंबईत गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता तात्या वळकटी घेऊन गावाला आले, ते आलेच. शेताची सवय गेलेली, पावसाचा भरवसा नाही. पारावर बसले की पोरं म्हणायची, "गिरणीचं सायब आलं!" तात्या खाली मान घालून तंबाखू मळत बसायचे.

त्या काळात विहिरींवर विजेच्या मोटरी वाढलेल्या. एक फेज गेला की मोटर जळायची, ती भरायला न्यायची तालुक्याला. गावात मोटरीची खटपट करणारे एक म्हातारे आण्णा होते. त्यांनी एक जळकी मोटर तात्यांपुढं ठेवली. तात्या म्हणाले, "आण्णा, मला न्हाई जमायचं. खराब केली तर?"

"आरं, जळालीच हाय की ती! तू आनि काय जाळनार?"

एवढंच बोलून आण्णा वैरण टाकायला निघून गेले. समजूत नाही, उपदेश नाही. तात्यांनी जळकी तार उपसली, एकेका वेटोळ्याचे फेरे मोजले, खाचांत कागद घालून नवी तांब्याची तार भरली. पहिली मोटर धूर काढून बसली. दुसरीही. तिसरी फिरली. वर्षानुवर्षं तुटलेला धागा चिमटीत धरून जोडणारी बोटं ती, तांब्याची तार त्यांना किती दिवस परकी वाटणार? तात्या काही श्रीमंत झाले नाहीत. पत्र्याचं शेड, वॉर्निशचा वास आणि दारात उभी माणसं. पण रात्री-अपरात्री कुणी "तात्या, पिकाला पाणी न्हाई वो" म्हणत आला की कंदील घेऊन उठताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्याला मी समाधान म्हणतो.

त्याच संपातून परतलेले आणखी एकजण गावात होते. हात तेवढेच कसबी. त्यांच्यापुढं कुणी मोटर ठेवली नाही. ते पारावरच राहिले आणि तिथंच संपले. त्यांना आळशी म्हणणारे बरेच होते. मला तो हिशेब पटत नाही. दोघांत फरक कष्टाचा नव्हता, एका जळक्या मोटरीचा होता.

दिलेली प्रत्येक वाटी परत येते असं नाही. विश्वास टाकावा आणि माणसानं तो बुडवावा, हेही घडतं. पण एक वाटी आली नाही म्हणून आळीतल्या बायकांनी उसनवारी बंद केल्याचं मी ऐकलं नाही. आणि फेडायची तर ती देणाऱ्यालाच, असंही नाही. लक्ष्मणरावांनी तुरुंग भोगून आलेल्या माणसांना आपल्या वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. औंधकडून घेतलेलं त्यांनी असं पुढं फेडलं. तात्यांनी शाळा सुटलेली दोन पोरं हाताखाली घेतली आणि त्यांना पहिल्यांदा जळक्याच मोटरी दिल्या.

आज आपल्या गावागावांत पुण्याहून परतलेली पोरं दिसतात. पाच-सहा वर्षं स्पर्धा परीक्षेत घातलेली, तिशीला आलेली, लग्नकार्यात तोंड चुकवणारी. त्यांना आपण विचारतो, "किती मार्कांनी गेलं रं?" हा प्रश्न विचारून कुणाचं भलं झालेलं नाही. त्यापेक्षा सोसायटीचा हिशेब, ठिबकचा नकाशा, दुधाच्या डेअरीचं दप्तर, जे बिघडलेलं असेल ते त्यांच्यापुढं ठेवावं. आणि आण्णांसारखं वैरण टाकायला निघून जावं.